चोपन्न किलोमीटर

आमच्या घरमालकांकडे विजेवर चालणारी मोटार होती. आज हे सांगितलं तर कुणी मान वर करूनही बघणार नाही. पण मी सांगतोय ते दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाचं, आणि कोल्हापुरातलं. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत तेव्हा रोज तीन-चार तास लाईट जायची, आणि खेड्यांचे हाल तर विचारूच नका. जिथे पंखा फिरेल की नाही याची खात्री नाही, तिथे हा गृहस्थ विजेवर मोटार हाकत होता. गल्लीनं त्यांना केव्हाच वेड्यात काढलं होतं. मीही काढलं होतं, फक्त त्यांच्याच माडीवर राहत असल्यामुळे तोंडावर 'सर' म्हणत होतो.

सर आयटीआयमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी वायरमनचा वर्ग शिकवला. बायको मी येण्याआधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. मी साताऱ्याकडचा, तंत्रनिकेतनात गणित शिकवायला नुकताच लागलेला. पहिल्या दिवशी त्यांनी मला 'या पावणं' म्हटलं आणि पुढे सहा वर्षं माझं नाव तेच राहिलं. पाहुणा सहा वर्षं मुक्काम ठोकून बसला तरी पाहुणाच, हे कोल्हापूरचं गणित मला कधी सुटलं नाही.

मोटार बंगळूरकडे बनलेली, दोन दरवाजांची, एवढीशी. बेळगावच्या एका डॉक्टरांनी कंटाळून विकली ती सरांनी ट्रकवर घालून आणली. सीटखाली आठ बॅटऱ्या. एकदा पूर्ण चार्ज केली की कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ऐंशी किलोमीटर जायची आणि सरांच्या म्हणण्याप्रमाणे पंचावन्न. सरांचं खरं असायचं. पूर्ण चार्ज व्हायला आठ तास लागायचे.

आवाज म्हणून नाही. मागे येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. आमच्या गल्लीतली कुत्री रिक्षावर, सायकलवर, पोस्टमनवर भुंकायची, या गाडीवर कधीच नाही. ती नुसती उठून बाजूला व्हायची आणि गाडी गेल्यावर तिच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहायची. मी हे एकदा सरांना सांगितलं. "त्यास्नी कळतंय," एवढंच म्हणाले. काय कळतंय, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

महिन्याकाठी एका शनिवारी संध्याकाळी सर प्रवास आखायला बसत. टेबलावर जिल्ह्याचा नकाशा, वर्तमानपत्रातून कापलेलं भारनियमनाचं वेळापत्रक आणि एक जाड वही. वहीत गावं होती आणि गावापुढे प्लग. कुठल्या गिरणीत तीन फेजचा लोखंडी डबा, कुठल्या दवाखान्यात पंधरा अँपिअरचा चांगला प्लग, कुणाच्या गोठ्यात मोटरपंपाचा स्टार्टर, कुठे अर्थिंग नुसतं नावाला. बहुतेक ठिकाणी त्यांचे जुने विद्यार्थी होते, नाहीतर विद्यार्थ्यांनी वायरिंग केलेली घरं. बोटानं नकाशावर रेघ ओढत ते पुटपुटायचे, "हातकणंगल्यात धा ते दोन लाईट हाय. शिरोळात बाराला येती, चारला जाती. म्हंजे गिरणीतनं साडेअकराला सुटायला पायजे. वाटंत फाटक पडलं तर मेलो."

त्यांच्या खाकी पिशवीत अठरा प्रकारचे प्लग होते. जाड पिनांचे, बारीक पिनांचे, जुन्या गोल पिनांचे, बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा एक, पंपाच्या स्टार्टरला चिमट्यांनी धरणारा एक. प्रत्येकाला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर गावाचं नाव. शिवाय स्वतः बनवलेली एक पत्र्याची पेटी. गिरणीतली तीन फेज वीज या पेटीतून गाडीत घातली की आठ तासांचं काम दीड तासावर यायचं. पण बॅटऱ्या उकळायच्या, आम्लाचा वास सुटायचा, डोळ्यांना पाणी यायचं. "हिचं आयुष्य खातंय हे," सर पेटीवर हात ठेवून म्हणायचे. "पर कुनाचं तरी खायाचंच हाय."

एवढं सगळं करून जायचं कुठे, तर मला कधी नीट सांगितलं नाही. "शिरोळकडं." आणि संध्याकाळी परत. काही आणलेलं नाही, कुणाला भेटल्याचं बोलणं नाही. पुन्हा महिन्याभरानं नकाशा टेबलावर.

त्यांची एक सवय मात्र पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आली होती आणि तिची मला भीती वाटायची. कुठल्याही प्लगला हात लावण्याआधी, मग तो स्वतःच्या स्वयंपाकघरातला असो की परक्या गावचा, ते भिंतीवरच्या बोर्डावर तळवा ठेवत आणि विचारत, "वर कोन हाय का?"

मोठ्यानं नाही. दार लोटण्याआधी आपण आत कुणी आहे का विचारतो तसं. मग एकेक बोट मिटत दहापर्यंत मोजत. या दहा अंकांत कुणी मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे. दहा झाले की बटण दाबत आणि नेहमीसारखे बोलू लागत. मी गणिताचा माणूस, मला या असल्या गोष्टींचा तिटकारा. पण त्या दहा अंकांपुरता मीही श्वास रोखून धरायचो, हे कबूल करतो.

दुसऱ्या वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं. "पावणं, रविवारी झोपून काय करताय, चला." तावडे हॉटेलच्या चौकातून आम्ही सांगलीच्या रस्त्याला लागलो. पस्तीसचा वेग. उसाचे ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागे टाकून जात होते आणि वरून गडी हात हलवत होते. गाडीत फक्त टायरांचा आवाज. अशा शांततेत सर अचानक वर्गात विचारावं तसं म्हणाले, "सांग, डीपीवरचा फ्यूज काढला. आता काय करायचं?"

मी दचकलो. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मास्तर माणूस, प्रश्न आला की उत्तर द्यायची खोड. म्हणालो, "बाजूला ठेवायचा?"

"तुमाला न्हाय इचारलं," सर म्हणाले. नजर रस्त्यावर. थोडं थांबून त्यांनी मान हलवली, उत्तर बरोबर आल्यासारखी. मागच्या सीटवर पिशवी आणि पेटी होती. मी एकदाच वळून पाहिलं आणि पुन्हा म्हणून वळलो नाही.

हातकणंगल्यात त्यांचा पहिला थांबा म्हणजे आण्णांची पिठाची गिरणी. आण्णा गळ्यात लिंग घालणारे, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि सरांशी चेष्टा. "आलं बगा मास्तर. आमी ज्वारी दळतोय, हे वीज दळून नेत्यात." त्या दिवशी मात्र बारा वाजत आले तरी लाईट नव्हती. वेळापत्रकात दहा ते दोन असं छापलेलं. गिरणीत सात-आठ बायका डबे घेऊन ताटकळत होत्या. आण्णांनी नवीन डिझेल जनरेटर घेतला होता. तो भिंतीतल्या डब्यालाच जोडला की गिरणी चालते, असं कुणीतरी त्यांना जोडून दिलं होतं. आण्णा हँडल फिरवायला वाकले.

सरांनी डब्यावर तळवा ठेवला. प्रश्न विचारला. बोटं मिटायला लागले आणि सहावर थांबले. मी बघत होतो. पुढची बोटं त्यांनी मिटलीच नाहीत.

"आण्णा, जनरेटर लावू नगंस. वर मानूस हाय."

"कुठला मानूस? लोडशेडिंग हाय ते. टायमाची न्हेमीचीच बोंब."

"वर मानूस हाय," सर म्हणाले. पुढे होऊन त्यांनी आण्णांच्या हातातलं हँडल काढून घेतलं, जनरेटरवरच बसले आणि ते मांडीवर ठेवलं. बायका हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "ह्या बाबाला हुटवा कुनीतरी, घरात जावाई येऊन बसल्याला हाय." आण्णा चिडले, लाजले, पुन्हा चिडले. जुन्या ओळखीच्या वडीलधाऱ्या माणसाला उचलून बाजूला कसं करणार? शेवटी सर मला म्हणाले, "पावणं, तारंच्या मागनं जाऊन बगा."

मी गेलो. तारेखालून दोन शेतं ओलांडली, ओढा ओलांडला. ओढ्यापलीकडे उसाच्या आड एक खांब होता आणि खांबावर माणूस होता. कमरेला दोर, हातात पक्कड. खाली मदतीला कुणी नाही, सायकल तेवढी टेकवलेली. गिरणीतून तो दिसणं शक्य नव्हतं, ऐकू येणं तर नाहीच. त्यानं वरून मला पाहिलं. "काय पावणं, वाट चुकलायसा व्हय?" "काही नाही, सावकाश होऊ द्या," असं काहीतरी बोललो आणि वळलो.

परत येऊन आण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी जनरेटरपासून हात काढून घेतला आणि धोतराला पुसला. बायकांचं हसणं थांबलं. सरांनी मला एकच प्रश्न विचारला, "तरनाताठा हाय का?" मी हो म्हणालो. ते उठले, हँडल आण्णांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आज न्हाय जमत. चला माघारी." लाईट पाव तासानं आली म्हणे, तोवर आम्ही अर्ध्या रस्त्यात होतो.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. वेळापत्रक चुकलं म्हणजे कुठेतरी दुरुस्ती चालू असणार, अनुभवी माणसाला अंदाज येतो, वगैरे. पण सहावर थांबलेली बोटं मला या समजावण्यात कुठे बसवता येईनात. ती अजून बसलेली नाहीत.

पुढे मी चार-पाच वेळा त्यांच्याबरोबर गेलो. आण्णांची गिरणी, मग शिरोळला ट्रॅक्टरच्या एका गॅरेजात दोन तास, मग कुरुंदवाडच्या अलीकडे नदीकाठच्या एका गावाचा रस्ता. गावाआधी लहान पूल. पुलावर सर गाडी थांबवत. समोर दोनशे पावलांवर घरं दिसत. बॅटरीचा काटा बघत, घड्याळ बघत, वहीत काहीतरी लिहीत आणि म्हणत, "आता माघारी फिरायला पायजे. न्हायतर शिरोळची लाईट जाईल." आणि गाडी वळवत. दर वेळी गाडीत नेमकी परत फिरण्यापुरती वीज असायची. मला वाटायचं, बिचाऱ्यांचा हिशेब थोडक्यात चुकतो. गणिताचा मास्तर असून मला कळलं नाही, की हा हिशेब एकदाही चुकत नव्हता.

मग चौथ्या वर्षी तो रविवार आला. मला कपडे इस्त्री करायचे होते आणि वायर पुरत नव्हती. सर अंघोळीला गेले होते. जिन्याखालच्या कपाटात एक बिस्किटांचा डबा सापडला, त्यात एक वायर. सहा-सात हात लांब आणि दोन्ही टोकांना पिना. एका टोकाला पिना हव्यात आणि दुसऱ्याला भोकं, एवढं मलाही ठाऊक होतं. सर बाहेर आले तसा मी हसत पुढे झालो. "सर, ही कुठल्या गावची? हिला चिठ्ठी नाही."

सर टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, दोन्ही टोकं एका मुठीत धरली आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

"ही ह्याच घरातली," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मी आलो त्याच्या सहा-सात वर्षं आधीची गोष्ट. गल्लीत तारेचं काम निघालं होतं आणि दुपारी लाईट गेली होती. टीव्हीवर क्रिकेटचा सामना होता, शेवटची षटकं. सरांनी वर्गात दाखवायला एक इन्व्हर्टर बनवला होता. ही दोन तोंडांची वायर एका बाजूनं त्याला जोडली आणि दुसरी बाजू भिंतीतल्या प्लगमध्ये घातली. सगळ्या घराला वीज मिळाली, टीव्ही लागला. पण असं करताना आधी घराचा मेन स्विच पाडावा लागतो, नाहीतर घरातली वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते. तो पाडायचा राहिला.

"शंभर पोरांस्नी शिकिवलं असंल मी. आदी मेन पाडा, मग बाकीचं. आनि मी सामना बघत बसलो."

कोपऱ्यावरच्या खांबावर त्यांचाच एक विद्यार्थी होता. तेवीस वर्षांचा, नुकता कामाला लागलेला. बाहेर आरडाओरडा झाला तेव्हा सर धावत गेले, शिडी धरली, त्याला खाली घेतलं. वर्गात ते शिकवायचे, डीपीवरचा, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या डब्यातला, फ्यूज काढला की तो खिशात घालायचा आणि मगच खांबाला पाय लावायचा, म्हणजे आपण वर असताना दुसरं कुणी तो लावू शकत नाही. फ्यूज त्याच्या शर्टाच्या खिशात होता.

"त्यानं सगळं बरोबर केलं हुतं, पावणं. मी शिकिवल्यालं सगळं."

कुणाच्या तरी जनरेटरची उलटी वीज आली असावी, असं पुढे ठरलं. कुणाच्या, ते ठरलं नाही. सर बोलले नाहीत. त्या पोराची आई नदीकाठच्या त्या गावात एकटी राहत होती. इथून चोपन्न किलोमीटर.

मला त्यांचा राग आला. फार आला. ज्याच्या घरात जेवतो-खातो त्या माणसाचा एवढा राग यावा, याचं दुःखही झालं. मी विचारलं, "मग एसटीनं का नाही जात? दर तासाला गाडी आहे."

सर माझ्याकडे बघत म्हणाले, "एसटीत बसलं की मानूस पोचतोय."

वर जाऊन चुरगळलेलेच कपडे घातले आणि दिवसभर बाहेर फिरत राहिलो.

पुढच्या शनिवारी टेबलावर नकाशा नव्हता. वही नव्हती. सर म्हणाले, "उद्या कुठंच थांबायचं न्हाय. रातभर चार्ज करून सकाळी सुटायचं. पंचावन्न जाती, चोपन्न जायाचं हाय. माघारी यायला कायबी उरत न्हाय." मग म्हणाले, "येताय का?"

गेलो. पिशवी घेतली नव्हती, पेटी घेतली नव्हती. सरांनी एकच साधा प्लग आणि वायर घेतली होती. आण्णा गिरणीच्या दारात उभे होते, आम्ही न थांबता गेलो तेव्हा त्यांनी उंचावलेला हात तसाच राहिला. शिरोळ मागे पडलं तेव्हा काटा तळाला टेकला होता. पुलावर गाडी चालायच्या वेगानं चढली आणि उतारावर घरंगळत गावात शिरली. शेवटच्या गल्लीत ती मी आणि दोन शाळकरी पोरांनी ढकलत नेली.

घर दोन खोल्यांचं, दारात तुळस नाही पण झेंडूची दोन रोपं, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी एका तरुणाचा फोटो. आई साठीची असेल, बारीक, ताठ. तिनं आधी पाणी दिलं, मग बाहेर येऊन गाडीला हात लावला.

"हीच की ती," म्हणाली. "पुलावर येऊन हुबी ऱ्हायची. आवाज न्हाय, धूर न्हाय. पोरं म्हनायची भुताची गाडी हाय. मी म्हनायचे, माजाच असंल त्यो. वायरमन हुता न्हवं, विजंवरचीच गाडी आनली असंल." ती हसली. "म्हनून मी कवा पुलापतूर आले न्हाय. बगाय जायाची आनि त्यो निगून गेला तर, असं वाटायचं. हितनंच बगायची. बरं वाटायचं जीवाला."

मी सरांच्या बाहीला हात घातला. आता बोलू नका, असं मला म्हणायचं होतं. या बाईकडे आता एवढंच उरलंय, तेही काढून घेऊ नका. त्या घटकेला मला खरं नको होतं, आणि सरांनाही ते नको असतं तर मी त्यांना माफ केलं असतं.

सरांनी बाही सोडवून घेतली. उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसले आणि सांगितलं. मला सांगितलं तसंच, काही कमी नाही, काही जास्त नाही. सामन्याचंही सांगितलं.

ती उभीच होती. मग तिनं विचारलं, "हाक मारली का वं त्यानं?"

"मला ऐकू आली न्हाय, आक्का. टीव्ही मोटा हुता."

तिनं पाण्याचे पेले उचलले, आत नेऊन ठेवले. शेजारचा एकजण एवढ्यात पुढे आला. त्यानं काही ऐकलं नव्हतं. गाडी बंद पडलीय एवढंच त्याला दिसत होतं. म्हणाला, "पावणं, आमच्या घरातनं वायर घ्या की. मावशीकडं लाईट न्हाय. धा-अकरा वरसं झाली, खांबावरनंच तोडून टाकाय लावलीया तिनं."

मी आत पाहिलं. भिंतीवर बोर्ड होता, मीटर होता, खाली रॉकेलची चिमणी.

"न्हाय," ती बाहेर येऊन म्हणाली. "त्यानं सवताच्या हातानं वायर वढलीया ह्या घरात. गाडी भरायची तर माज्याच घरातनं भरंल. खांबावर तेवडी जोडाय पायजे."

"मी चडतो," सर म्हणाले. चौसष्टावं चालू होतं त्यांचं.

"चडा."

शेजाऱ्यानं शिडी आणि दोर आणला. डीपी गल्लीच्या तोंडाशी, तिच्या दारापासून वीसेक पावलांवर. सरांनी डीपीचा डबा उघडून फ्यूज काढला. गल्लीतले रेडिओ, पंखे, सगळं थांबलं. फ्यूज त्यांनी खिशापर्यंत नेला आणि हात तिथेच थांबला. मग ते चालत तिच्याकडे आले आणि तो चिनी मातीचा पांढरा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

"आक्का, ह्यो तुमच्यापाशी असू दे. ह्यो परत त्या डब्यात बसिवला की तारंत वीज येती. मी वर असलो तरीबी येती."

तिनं मूठ मिटली. सर शिडीवर चढले, तिथून खांबावर. मी खाली शिडी धरून. त्यांचे हात म्हातारे होते पण काम विसरले नव्हते. पाव तासात जोड झाला. त्यांनी पक्कड कमरेला खोचली. आता खाली यायचं, तर ते येईनात. दोराला टेकून, दोन्ही हात उघड्या तारेवर ठेवून तिच्याकडे बघत राहिले.

ती निघाली. हळूहळू डीपीपाशी गेली, डब्यासमोर उभी राहिली. डबा उघडाच होता. मला ओरडायचं होतं, पळत जाऊन तिचा हात धरायचा होता. वरून सर म्हणाले, "पावणं, अडवू नगा." अगदी शांतपणे म्हणाले. मी शिडी सोडली नाही. आजही मला माझं ते न हलणं बरोबर होतं की चूक, सांगता येत नाही.

तिनं मूठ उघडून फ्यूजकडे पाहिलं. मग डब्याकडे. किती वेळ, मला मोजता आला नाही. मग ती वळली, तशीच मूठ मिटून घरात गेली आणि दार लावून घेतलं.

गल्लीत आता सगळ्यांना काहीतरी कळलं होतं. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. उकाडा होता, तरी लाईट कधी येणार असं एकानंही म्हटलं नाही. माणसं आपापल्या दारात येऊन बसली आणि खांबाकडे बघत राहिली. आतून भांडी घासल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. सावल्या रस्त्याच्या या बाजूनं त्या बाजूला गेल्या. मी दोनदा म्हणालो, "सर, उतरा." त्यांनी ऐकलं नाही.

ऊन कलायला लागल्यावर दार उघडलं. ती बाहेर आली, खांबाखाली येऊन उभी राहिली. उन्हामुळे तिला वरचा माणूस नीट दिसत नसावा. एका हातानं तिनं डोळ्यांवर सावली धरली, दुसऱ्या हातात फ्यूज होता. अकरा वर्षं तोंडात धरून ठेवलेलं बोलावं तशी ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "उतर रं माज्या लेकरा. झालं काम. उतर आता."

सरांनी तारेवरचे हात काढले. एक पाय खाली घेतला, मग दुसरा.